‘सही कर आणि मोकळा हो!’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जांबोटी पंचक्रोशीतील एक शेतकरी रात्री आपल्या मुलीला घेऊन घरी आला. मुलगी माझीच विद्यार्थिनी, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पोहोचलेली. परीक्षेत तिच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली होती. ‘मालप्रॅक्टिस केस’ झाली होती. कॉलेजने एक छापील कागद हाती देऊन उद्या सही करून आण म्हणून बजावले होते. कागद कानडी आणि इंग्रजीत. कानडी तिला वाचता येत होते. कचेरीचे कानडी समजत नव्हते. ‘सर, काय करू?’ तिने विचारले. मी म्हणालो, ‘सही कर आणि मोकळी हो. कशाला वाढवायचं?’

ती सही म्हणजे गुन्ह्याची कबुली होती. त्या सत्राचा निकाल रद्द झाला आणि मुलीने शिक्षण सोडले. चिठ्ठीवरचे अक्षर तिचे होते की दुसऱ्या कुणाचे, हे कुणी ताडून पाहिले नाही. कॉलेजने नाही, बापाने नाही आणि तिला अक्षर गिरवायला शिकवणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकानेही नाही!

आपल्याकडे म्हण आहे, ‘कर नाही त्याला डर कशाला?’ मला आता ही म्हण खोटी वाटते. ज्याने काही केलेले नाही तोच अधिक घाबरतो, कारण उत्तर तयार ठेवण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते. सराईत मात्र वशिला शोधून केव्हाच घरी गेलेला असतो.

कुणी म्हणेल, हेडमास्तर कॉपीबहाद्दरांची वकिली करू लागले! मुळीच नाही. कॉपी ही चोरीच आहे आणि तिला शिक्षा हवीच. पण आधी चौकशी आणि मग शिक्षा, हा क्रम उलटा करण्याचा अधिकार कुणालाही नाही. उत्तर प्रदेशातील तीन विद्यार्थ्यांचा १९५४ चा इंटरमीजिएटचा निकाल परीक्षा मंडळाने त्यांचे म्हणणे न ऐकताच रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घनश्यामदास गुप्ता खटल्यात सांगितले की, अशी शिक्षा देण्यापूर्वी विद्यार्थ्याला बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. प्रबंधातील वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या नियमांतही चौकशी समितीवर नैसर्गिक न्यायाचे बंधन आहे.

आता तर आरोप करायला यंत्रेही आली आहेत. निबंध मुलाने लिहिला की संगणकाने, हे ओळखणारे म्हणे यंत्र! चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचे असे यंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांचे अस्सल निबंधही ही यंत्रे मोठ्या प्रमाणात बनावट ठरवतात. घरी मराठी, कचेरीत कानडी आणि वर्गात इंग्रजी अशी कसरत करणारी आमची मुले ठरीव, सोप्या वाक्यांचे इंग्रजी लिहितात. उद्या संशय पहिला कुणावर येईल, हे सांगायला हवे का?

मग मुलाने काय करावे? आरोप लेखी मागावा. उत्तरासाठी मुदत मागावी. त्याच रात्री बाक कुठे होता, शेजारी कोण होते, किती वाजता काय घडले, हे तारखेसह लिहून काढावे. निबंधाचा आरोप असेल तर कच्चे मसुदे, टिपणे जपावीत. न समजलेल्या कागदावर सही करू नये. पोच म्हणून करावीच लागली, तर सहीच्या वर स्वहस्ते लिहावे : ‘मजकूर मला समजलेला नाही. माझे म्हणणे वेगळे देत आहे.’ आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यावा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा तसा निर्णय आहे. आणि चूक खरोखर केली असेल, तर ती आपल्या शब्दांत मान्य करावी. केली तेवढीच, अधिक नाही.

हे म्हणणे कोणत्या भाषेत लिहावे? राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत शासनाच्या अधिकाऱ्यापुढे मांडता येते. मराठी ही बेळगाव, खानापूर, निपाणीत वापरली जाणारी भाषा नाही, असे कोण म्हणेल? सोबत कानडी वा इंग्रजी भाषांतर जोडावे, काम लवकर होते. पण मूळ म्हणणे मुलाला कळणाऱ्या भाषेतच असावे.

पालकहो, १९५६ पासून आपण निवेदने देत आलो. दिल्लीपर्यंत दिली. महाजन आयोगापुढे दिली. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा आहे. निवेदनावर ज्यांच्या पिढ्या वाढल्या, त्यांच्या पोराला स्वतःसाठी एक पानाचे निवेदन लिहिता येऊ नये? आणि त्याने लिहायला घेतले की आपणच म्हणावे, ‘गप बस, सही कर’?

दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. आजारपणाच्या रजेचा अर्ज आम्ही दरवर्षी घोटून घेतो. स्वतःवरील आरोपाला उत्तर द्यायला कधी शिकवत नाही. यंदापासून आमच्या दहावीच्या वर्गात तोही एक पाठ असेल. त्या रात्री मुलीपुढे मी कोरा कागद ठेवायला हवा होता. तुमच्या दारी असे पोर आले, तर तुम्ही तरी तो ठेवा.