आषाढातील जलाशय

पक्षिनिरीक्षण हा हिवाळ्यातला छंद, अशी समजूत आपल्या इंदूरकर मंडळींत चांगलीच रुजलेली आहे. डिसेंबरच्या एखाद्या रविवारी सिरपूरच्या तळ्यावर जावे, उत्तरेकडून आलेली बदके मोजावीत, बरोबर नेलेले पोहे संपवावेत आणि ऊन चढण्याआधी घरी परतावे, एवढ्यावर आपला पक्षिसंग आटोपतो. त्यात वावगे काही नाही. परंतु हिवाळ्यात दिसतात ते बहुतांशी पाहुणे. घरच्या मंडळींचे खरे लगबगीचे दिवस आषाढ-श्रावणाचे, आणि नेमके त्याच दिवसांत आपण खिडक्या लावून भज्यांची वाट पाहत बसतो.

माळव्याचे हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. होळकरांच्या अमदानीत गंभीर नदी अडवून हातोदजवळ यशवंतसागर निर्माण झाला. शहराला त्याचे पाणी आजही मिळते. २०२२ साली सिरपूर व यशवंतसागर या दोहोंचा समावेश रामसर यादीत झाला. मध्य भारतातील सारसांचा एक मोठा आधार म्हणून यशवंतसागराची ख्याती आहे.

उडणाऱ्या पक्ष्यांत सारसाएवढा उंच पक्षी दुसरा नाही. पाऊस स्थिरावला की उथळ पाण्यात लव्हाळे, गवत आणि काड्या रचून ही जोडी एक प्रशस्त ढीग उभारते व त्यावर बहुधा दोन अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवितात. पाणी चढू लागले, तर घाईघाईने आणखी गवत आणून घरट्याची उंची वाढवितात. पण मुसळधार पावसात तलाव एका रात्रीत फुगला, तर त्यांचे श्रम अपुरे पडतात आणि अंडी पाण्यात जातात. वाल्मीकींचा क्रौंच म्हणजे हा सारसच, असे मत जुलिया लेस्ली यांनी १९९८ साली साधार मांडले होते. ते मान्य असो वा नसो, भर पावसात ही जोडी माना उंचावून एकसुरात साद घालते, तेव्हा तो तर्क पटू लागतो खरा.

सारसाइतकाच नवलाचा कमळपक्षी. लांब शेपटीचा हा पक्षी पावसाळ्यातच आपला खरा थाट मिरवतो. त्याचा संसार मात्र आपल्या रूढ कल्पनांना उलटा आहे. मादी एका हंगामात अनेक नरांशी जोडी जमविते, प्रत्येकासाठी चार अंडी घालते आणि पुढे निघून जाते. अंडी उबविणे, पिले सांभाळणे, सारे नराच्या गळ्यात! (आमच्या भगिनीवर्गाने हा परिच्छेद घरात मोठ्याने वाचावा.) काठच्या बाभळींवर सुगरणींची घरटी लोंबत असतात, आणि आफ्रिकेहून पावसाबरोबर आलेला चातक सातभाईंच्या घरट्यात गुपचूप आपले अंडे टाकण्याची संधी शोधत असतो.

हे सारे पाहावयाचे तर थोडी तयारी हवी. काळ्या मातीचा चिखल बुटांना शेरा-शेराने चिकटतो, दुर्बिणीच्या काचा धुरकटतात, वही भिजते. पेन्सिल न्यावी, शाई पसरते. रंगीबेरंगी छत्री घरीच ठेवावी. सतत पाऊस असताना फारसे काही दिसत नाही. पण सर ओसरल्यावरची अर्धी घटका अमोल असते, कारण पंख वाळविण्यासाठी सारी पाखरे उघड्यावर येतात.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहितो. घरट्याचे छायाचित्र मिळावे म्हणून पाण्यात उतरणारे हौशी लोक अलीकडे वाढले आहेत. माणूस जवळ आला की उबवणारा पक्षी उठतो. उघडी पडलेली अंडी पावसाने गारठतात, नाही तर कावळे ती पळवितात. पुराने अंडी गेली तर तो निसर्गाचा भाग. एका चित्रापायी गेली, तर त्याला छंद म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकबंधूंनी बांधावरूनच पाहण्याचा नियम घालून द्यावा. सारस एवढा मोठा आहे की तो तेथूनही सहज दिसतो. आणि एखाद्या दिवशी घरटे दिसलेच नाही, तरी परतताना वाटेवरच्या सोयाबीनच्या शेतांकडे लक्ष ठेवावे. चरावयास निघालेली जोडी पुष्कळदा तेथेच भेटते.