आमची मतं मोजता, मग तुमची का नाही?



पारनेर तालुक्यातल्या एका गावात दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान झालं, तेव्हा मी दिवसभर केंद्राबाहेर उभी होते. नियम कडक आहे. आलेल्या बायांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींची मतं 'आडव्या बाटली'ला पडली पाहिजेत. जी बाळंतपणाला माहेरी गेली, जी ऊसतोडीला गेली, तिची गैरहजेरी दुकानाच्याच पथ्यावर पडते. म्हणून एकेकीला शोधून आणावं लागलं. आमचं मत असं काटेकोर मोजलं जातं.

आता आम्ही ज्यांना निवडून देतो त्यांचं मतदान पाहू.

९ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेने शस्त्र कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली, दुसऱ्या दिवशी राज्यसभेने. तोवर एका माणसाला परवान्यावर तीन बंदुका बाळगता येत. विधेयक मांडलं तेव्हा ती संख्या एकावर आणायची होती. मंजूर होताना ती दोन झाली. परवान्याची मुदतही तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. एक तरतूद मात्र चांगली आली: लग्नावरातीत दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१६ मध्ये पंजाबात भटिंडा जिल्ह्यात लग्नाच्या स्टेजवर नाचणारी गरोदर तरुणी अशाच गोळीने मेली होती.

एका बंदुकीच्या दोन झाल्या, त्याला आपल्या खासदारांची संमती होती की विरोध? तेव्हा आपल्या जिल्ह्यातून डॉ. सुजय विखे पाटील आणि सदाशिव लोखंडे लोकसभेत होते. नोंद पाहून उत्तर मिळणार नाही, कारण विधेयक आवाजी मतदानाने संमत झालं. 'हो'वाले बोलले, 'नाही'वाले बोलले, पीठावरून निर्णय झाला. कोणाचंही नाव लागलं नाही. त्याच दिवशीच्या बैठकीत, मध्यरात्र उलटल्यावर, नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर मतविभाजन झालं: ३११ विरुद्ध ८०. २०२३ मध्ये महिला आरक्षणाची मतंही मोजली: ४५४ विरुद्ध २. म्हणजे मोजायची सोय आहे. आवाजी निकालाला हरकत घेऊन मतविभाजन मागण्याचा हक्क प्रत्येक खासदाराला आहे.

कोणी म्हणेल, बंदुकीचं बायकांना काय? नगर जिल्ह्याने, आताच्या अहिल्यानगरने, हे विचारू नये. ७ एप्रिल २०१८ ला केडगावात दोन आणि २८ एप्रिलला जामखेडात दोन राजकीय कार्यकर्ते गोळीबारात मारले गेले. एका महिन्यात चार घरांतली माणसं गेली. शेजारच्या बीडमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये एका सरपंचाचा खून झाला, त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा आकडा चर्चेत आला. तो हजाराच्या वर होता. मग परवाने रद्द करायची धावपळ झाली. ते दिले तेव्हा कोणी का विचारलं नाही?

आणि बंदूक झाडावीच लागते असं नाही. छळाची तक्रार मागे घे, असं सांगायला आलेल्याच्या कमरेला ती नुसती दिसली, तरी बाई गप्प होते.

'खरा प्रश्न गावठी कट्ट्यांचा आहे,' असं पुढारी सांगतात. मान्य. बेकायदा शस्त्रांची शिक्षाही याच दुरुस्तीने वाढवली. मग तिची अंमलबजावणी आपल्या जिल्ह्यात किती झाली, हे सभागृहात विचारायचं काम कोणाचं? 'पक्षाचा व्हीप असतो, आमचा नाइलाज,' हेही सांगतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने मत बांधलं जातं, हे खरं. पण मतविभाजन मागणं म्हणजे पक्षाविरुद्ध मत देणं नव्हे. प्रश्न विचारायला तर व्हीप आडवा येत नाही.

२०२४ मध्ये अहमदनगरमधून नीलेश लंके आणि शिर्डीतून भाऊसाहेब वाकचौरे निवडून आले. पक्ष कुठलाही असो, आपले प्रश्न तेच राहोत. प्रत्येक गटाने आपल्या खासदाराला लेखी विचारावं:

शस्त्र कायद्यात पुन्हा बदल आला तर तुम्ही मतविभाजन मागाल का? तुमचं मत काय होतं ते जिल्ह्यात येऊन सांगाल का? शस्त्रपरवान्यासाठी तुम्ही शिफारसपत्रं दिलीत का, आणि कोणाला?

जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा: परवाने किती, रद्द किती, कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार असलेल्या किती जणांकडे परवाना आहे. माहितीच्या हक्कासाठी याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून आंदोलन झालं होतं. तो हक्क आपण वापरायचा नाही तर कोणी?

उत्तर आलं तर गावच्या फलकावर लावा. नाही आलं तर तेही लावा. पुढच्या वेळी 'ताई, लक्ष असू द्या' म्हणत हात जोडून कोणी दारात आलं, की आधी तो कागद दाखवा आणि मगच आत बोलवा.