वडिलांस पत्र, सन १९३८

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी लोह्याच्या शाळांतून ध्वजवंदन होते, भाषणे होतात. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला, हे मुलांना तोंडपाठ असते. त्यापलीकडे त्यांना काय उमगले, हे मात्र आपली परीक्षा विचारीत नाही. टिपा लिहा, कारणे द्या. उत्तरे गाईडात तयार!

विद्यार्थ्याला एखादी भूमिका देऊन लिहावयास लावणे हा यावरील एक उपाय आहे. कोण लिहितो, कोणास, कोणत्या प्रकारात आणि कशाविषयी, एवढे ठरवून द्यावयाचे. दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत ‘विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने’ पत्र लिहावयास सांगतात, आत्मकथनही असते. परंतु तेथे कसोटी लागते ती भाषेची. शिवाय वृक्षाचे आणि नदीचे मनोगत बाजारात आयते मिळतेच.

हीच रीत इतिहासाला लावून पाहावी. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’वर बंदी आली. विद्यार्थी नमले नाहीत, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. समजा, त्यांत लोह्याकडचा एक मुलगा आहे आणि नागपूरची गाडी धरण्यापूर्वी तो वडिलांना पत्र लिहितो आहे. हे पत्र लिहावयाचे तर उस्मानियात शिक्षण उर्दूतून होते हे ठाऊक हवे. नागपूर निजामी हद्दीबाहेर होते हे हवे. मुलाच्या पायी घरावर काय ओढवेल, ही बापाची धास्तीही समजावयास हवी. ‘बाबा, आम्ही इंग्रज सरकारविरुद्ध लढत आहोत’ असे ज्याने लिहिले, त्याला संस्थान म्हणजे काय हेच कळलेले नाही. टिपेत हे अज्ञान सहज लपते, पत्रात उघडे पडते.

दुसरी भूमिका ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची. भारतात विलीन होण्याचा पुरस्कार करणाऱ्या या पत्रकाराची ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी हत्या केली. आमच्याही काही वाचकांना हे नाव नवे असेल. त्यांच्या जागी बसून अग्रलेख लिहिणाऱ्या मुलाला तयार घोषणांचा आधार उरत नाही. रझाकाराची भूमिका मात्र चौदा वर्षांच्या मुलास देऊ नये. कासिम रझवीची भाषणे त्याने वाचावीत, वदवून घेऊ नयेत.

खरी अडचण गुणांची. शिक्षक भावनेला भुलतात, आणि राष्ट्रभक्तीच्या ओजस्वी वाक्यांना गुण नाकारणे आपल्यातील अनेकांना जड जाईल. तरीही ते नाकारलेच पाहिजेत. गुण द्यावेत ते घटनेच्या अचूकतेला, काळाच्या भानाला आणि भूमिकेशी राखलेल्या सुसंगतीला. घोषणा पाठ करता येतात.

साठ मुलांच्या वर्गात हे दर आठवड्याला जमणार नाही; सत्रातून एकदा पुरे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पाठांतराऐवजी आकलन तपासा असे सांगितलेच आहे. नांदेडचे विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थांचे नाव धारण करते. तेथील इतिहासाच्या प्राध्यापकांनी संग्रामाच्या कागदपत्रांतून अशा पंचवीस-तीस कृती तयार करून शाळांना द्याव्यात. येत्या १७ सप्टेंबरला वक्तृत्व स्पर्धेऐवजी लोह्यात पत्रलेखनच व्हावे.