पिवळा की हिरवा? शहराच्या कडेच्या वावराचं भवितव्य नकाशावरच ठरतं

यवतमाळ : शहरातून कोणत्याही रस्त्यानं बाहेर निघा. दारव्हा रोड घ्या, धामणगाव रोड घ्या, नाहीतर आर्णी रोड. जिथं पंधरा-वीस वर्षांआधी पऱ्हाटी अन् तूर उभी असायची, तिथं आता मुरमाचे रस्ते, सिमेंटचे खांब अन् लेआउटच्या कमानी दिसतात. मधेच एखादं वावर अजून पेरलेलं असतं. त्याच्या चारही अंगांनी प्लॉट पडलेले. बंडी नेण्याची वाट बंद झालेली, नाल्याचं पाणी वळून वावरात घुसलेलं. अशा वावराच्या मालकाला रोज एकच प्रश्न ऐकू येतो, "काय भाऊ, कधी देता?"

शेतकऱ्यानं विकली म्हणून शेती गेली, असं सरसकट बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. विक्रीच्या कितीतरी आधी एक नकाशा तयार होतो. त्यात कोणत्या गट नंबरला पिवळा रंग मिळतो अन् कोणाला हिरवा, यावर पुढचं सगळं ठरतं. पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती. या नकाशाचं नाव विकास आराखडा. ज्याच्या वावरावर रंग चढतो त्याला बहुतेक वेळा ही गोष्ट सगळ्यात शेवटी कळते, हीच खरी अडचण आहे.

कापसानं मोठं केलेलं शहर

यवतमाळ शहर मोठं झालं ते कापसाच्या जोरावर. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद पडला अन् इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. तेव्हा हा भाग वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा. १९०५ मध्ये जिल्ह्याला यवतमाळचं नाव मिळालं. त्याच सुमारास किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं मूर्तिजापूर ते यवतमाळ ही सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे टाकायला घेतली. तीच आपली शकुंतला. इथला कापूस दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला अन् पुढं जहाजानं मँचेस्टरला.

जिनिंग-प्रेसिंग, बाजार समितीचं आवार, अडत्यांची दुकानं, बंड्या थांबवायच्या मोकळ्या जागा, हे सगळं त्या कापसाच्या मागं आलं. १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली तेव्हा बंड्यांच्या लांबच लांब रांगा लागायच्या, हे आजही म्हातारी माणसं सांगतात. शेती अन् शहर यांचं नातं इतकं जवळचं होतं.

शहराचा शेती वारसा म्हणायचा तो हाच. त्यात किल्ला नाही, राजवाडा नाही. रेल्वेचा पट्टा, जुन्या जिनिंगच्या इमारती, बाजाराची जागा अन् शहराला लागून असलेली काळी जमीन, एवढाच तो आहे. साधा दिसतो म्हणून नकाशा काढताना तो सहज सुटून जातो.

हद्द वाढली, ग्रामसभा गेली

२०११ च्या जनगणनेत यवतमाळ नगर परिषदेची लोकसंख्या १,१६,५५१ होती. शहर मात्र त्या हद्दीबाहेर कधीचंच पसरलं होतं. त्यामुळं गेल्या दशकात हद्दवाढ झाली. लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव, पिंपळगाव, भोसा यांसारखी लगतची गावं शहरात आली.

रस्ते, नळ, पथदिवे मिळतील या आशेनं अनेकांना हद्दवाढ हवी होती. ती इच्छा चुकीची नव्हती. पण गाव शहरात गेलं की ग्रामपंचायत संपते अन् तिच्यासोबत ग्रामसभाही संपते. जमिनीबद्दल गावानं एकत्र बसून बोलायची जी एक जागा होती, ती जाते. पुढचे निर्णय नगर परिषद, नगररचना विभाग अन् मंत्रालय या तीन पायऱ्यांवर होतात.

त्यात २०१७ मध्ये जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती झाली. आराखड्यात जी जमीन रहिवासी दाखवली आहे, तिला वेगळी अकृषक परवानगी घेण्याची गरज कमी झाली. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतही रहिवासी वापर सोपा झाला. शेतकऱ्याचे तहसीलचे हेलपाटे वाचले, हे चांगलंच. पण आधी वावराचा प्लॉट होताना तहसीलमध्ये एक थांबा होता. आता तो सैल झाला अन् नकाशावरच्या रंगाचं वजन आणखी वाढलं.

भाव एकराचा की फुटाचा?

हिरव्या जमिनीचा भाव एकरावर होतो, पिवळ्या जमिनीचा चौरस फुटावर. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. रस्ते अन् मोकळी जागा सोडली तरी फुटाचा हिशेब एकराच्या हिशेबाला कितीतरी मागं टाकतो. म्हणून रंग बदलणार ही खबर ज्याला आधी लागते, तो आधी इसार देऊन मोकळा होतो. मूळ मालक एकराच्या भावानं विकतो अन् वर्षभरात त्याच जमिनीवर फुटाच्या भावाचा फलक लागतो. नकाशा वेळेवर न पाहण्याची किंमत ती हीच.

याची दुसरी बाजूही आहे. शेती वाचली पाहिजे असं शहरातले लोक बोलतात तेव्हा शेतकरी विचारतो, "वाचवायची कोणाच्या खर्चानं?" शेजारच्या गटाला पिवळा रंग अन् आपल्याला हिरवा, म्हणजे त्याचं पोरगं शिकायला बाहेर गेलं अन् आपलं कर्ज तसंच राहिलं. कापसाचा भाव, बोंडअळी, अवकाळी यांनी पिचलेल्या माणसाला नुसता हिरवा रंग देऊन शेती टिकत नाही. तो रंग मग बेड्यांसारखा वाटतो. जमीन हिरवी ठेवायची असेल तर पांदण रस्ता, नाल्याची वाट, विजेची लाइन अन् शहरात भाजीपाला थेट विकायची हक्काची जागा, हे सगळं त्याच आराखड्यात आलं पाहिजे.

पाणी दोन्हीकडून हिशेब मागते

शहराला या शेतीची गरज आहे का, याचं उत्तर पाण्यात सापडतं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा अन् चापडोह ही शहराला पाणी देणारी धरणं आटली. यवतमाळकरांना पाण्यासाठी दिवस-दिवस वाट पाहावी लागली. पुढं २०२३ च्या जुलैमध्ये उलटं झालं. अतिवृष्टीनं शहर अन् परिसरातल्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. त्याच दिवसांत महागाव तालुक्यातल्या आनंदनगरमध्ये अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर मागवावं लागलं.

एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १ लाख लिटर पाणी होतं. नांगरलेलं, बांधबंदिस्ती केलेलं वावर त्यातलं बरंच पाणी पोटात घेतं. सिमेंटचा रस्ता अन् फरशीचं अंगण ते जसंच्या तसं नाल्यात ढकलतं. नाल्यालगतची वावरं हिरवी राहिली तर त्याचा फायदा शहराला पावसाळ्यातही होतो अन् उन्हाळ्यातही. हा फायदा शहर घेणार असेल, तर त्याचं मोल शेतकऱ्याला मिळायला नको का?

वसई अन् नाशिकनं काय पाहिलं

हा प्रश्न एकट्या यवतमाळचा नाही. मुंबईजवळच्या वसईत केळी, फुलं, पानवेलीच्या वाड्या होत्या. १९९० च्या सुमारास तिथलं नियोजन सिडकोकडे गेलं अन् हिरवा पट्टा बांधकामाला खुला होणार असं दिसू लागलं. तेव्हा हरित वसई संरक्षण समितीनं मोठं आंदोलन उभं केलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे पुढारी होते. बांधकाम थांबलं नाही, पण वसईच्या पश्चिमेला जी हिरवळ उरली त्यात त्या लढ्याचा वाटा मोठा आहे. पुढं २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. त्यातून २९ गावं वगळायची की नाही, हा वाद कितीतरी वर्षं चालला.

नाशिकला मखमलाबाद-हनुमानवाडी शिवारात स्मार्ट सिटीच्या नावाखाली सुमारे ७५० एकरांवर नगररचना योजना आखली गेली. अशा योजनेत सगळ्यांची जमीन एकत्र करून रस्ते, मैदानं काढतात अन् उरलेल्या जमिनीतून मालकाला आखीव प्लॉट परत देतात. तिथल्या शेतकऱ्यांचे दोन गट पडले. एकाला विकास हवा होता, दुसऱ्याला द्राक्षाची, भाजीपाल्याची वावरं सोडायची नव्हती. किती टक्के जमीन परत मिळणार यावरच चर्चा अडत राहिली.

दोन्ही ठिकाणी लोक बोलले, कारण कागद त्यांनी वेळेवर वाचला होता. आपल्याकडे कागद वाचला जातो तो वावरात मोजणीची माणसं आल्यावर.

३० दिवसांची खिडकी

हे सगळं चालतं ते महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानं. त्याचं कलम २२ सांगतं की आराखड्यात रहिवासी, व्यापारी, औद्योगिक वापरासोबत शेतीसाठीही जमीन दाखवता येते. ऐतिहासिक अन् नैसर्गिक महत्त्वाच्या जागा जपण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. म्हणजे शेती वारसा जपा, ही मागणी कायद्याला धरूनच आहे.

प्रक्रिया साधारण अशी. आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. मग सध्याच्या जमीन वापराचा नकाशा बनतो. त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो अन् कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. ज्यांनी लेखी हरकत दिली, त्यांना नियोजन समितीपुढं बोलायची संधी मिळते. पुढं आराखडा शासनाकडे मंजुरीला जातो.

हरकत तोंडी चालत नाही. "साहेबांना सांगून आलो" याला काही अर्थ नाही. अर्ज लेखी पाहिजे, त्यावर गट नंबर पाहिजे, सातबारा अन् नकाशाची प्रत जोडलेली पाहिजे अन् पोच घेतलेली पाहिजे. ३० दिवस उलटले की तोच माणूस पुढं वर्षानुवर्षं चकरा मारतो.

आरक्षणाचंही समजून घ्यावं. वावरावर शाळा, बगिचा किंवा रस्त्याचं आरक्षण पडलं अन् आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती जमीन घेतली गेली नाही, तर कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. नोटीसच दिली नाही तर जमीन तशीच अडकून राहते.

शकुंतलेचा पट्टा अन् कळंबचं नवं स्टेशन

शकुंतला आता धावत नाही. ती ब्रॉडगेज व्हावी ही मागणी जुनी आहे अन् ती रास्तच आहे. पण निर्णय होईपर्यंत तिचा पट्टा अन् स्टेशनं सांभाळायला आराखड्यात नोंद तरी हवी. यवतमाळ, दारव्हा, कारंजा ही कापसाची वाट एकदा तुकड्या-तुकड्यांनी दाबली गेली की रेल्वेही येणार नाही अन् आठवणही राहणार नाही.

दुसरीकडे नवी रेल्वे आलीच आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. कळंब ही आता नगर पंचायत आहे. राज्यानं २०१४ मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगर पंचायत करण्याचा निर्णय घेतला, त्यात आपल्याकडं कळंबसोबत बाभूळगाव, राळेगाव, मारेगाव, झरी-जामणी अन् महागावही आले. या गावांची शेती अजून बरीचशी शाबूत आहे. यवतमाळच्या कडेला जे होऊन गेलं, ते इथं अजून व्हायचं आहे. म्हणून खरी संधीही इथंच आहे.

नगर पंचायतीत एक अर्ज देऊन विचारता येतं की आपल्या गावाचा विकास आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे, जमीन वापराचा नकाशा कुठं पाहायला मिळेल अन् त्यात आपला गट कोणत्या रंगात आहे. दहा-वीस शेतकऱ्यांनी मिळून नाला, पांदण, गावबाजाराची जागा अन् जुनी जिनिंग यांची यादी करून दिली, तर ती फाइलला लागते. फाइलला लागलेली गोष्ट डावलणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

वावर विकायचं की पेरायचं, हा मालकाचा हक्क आहे अन् तो त्याच्याकडेच राहावा. फक्त तो निर्णय त्यानं नकाशा पाहून घ्यावा. सातबारा आपल्या नावावर आहे तर रंग ठरवतानाही आपला अर्ज टेबलावर पाहिजे.