पाव आट्याचा हिशेब

माझ्या नातीच्या वरच्या दातांपैकी एकाचा टवका उडालेला आहे. हसली की दिसतो. तो माझ्यामुळे उडाला. तिने मला केव्हाच माफ केलं, तिच्या आईने अजून पुरतं केलेलं नाही, आणि तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. पण त्या टवक्याच्या निमित्ताने मी जे शिकलो, ते मुलांना मैदानावर नेऊन सोडणाऱ्या आईबापांच्या, आणि विशेषतः माझ्यासारख्या उत्साही आजोबांच्या कानावर घालावं, म्हणून आजचा हा रविवार.

नात साताऱ्याला असते आणि कंपाउंड धनुष्य चालवते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या आदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं आणि त्याच दिवशी, साताऱ्यात सराव करून तयार झालेल्या नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारून १५० पैकी १५० गुण घेतले. पन्नास मीटरवरचं हे दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे चहाच्या पेल्याच्या तोंडाएवढं. ही बातमी वाचल्यावर आपल्याकडे किती घरांत धनुष्याची चौकशी झाली असेल कोण जाणे. आमच्या घरात झाली, आणि धनुष्य आलंही.

धनुष्य सगळ्यांना दिसतं. दोन्ही टोकांना चाकं, मधे दोऱ्यांचं जाळं, पुढे दांड्या. पाहुणे येतात ते धनुष्य हातात घेऊन फोटो काढतात. पण ज्याच्यावर सारा खेळ अवलंबून असतो, ती वस्तू खेळाडूच्या मुठीत लपलेली असते. कंपाउंड धनुष्य ओढताना आधी पूर्ण वजन लागतं, मग चाकं फिरतात आणि भार एकदम उतरतो. चाळीस पाउंडांचं धनुष्य पूर्ण ताणल्यावर हातावर जेमतेम आठ-दहा पाउंड उरतात. म्हणून नेम धरून थांबता येतं. मात्र दोरी बोटांनी धरत नाहीत. दोरीला मागे एक इवलासा फास बांधलेला असतो, त्यात मुठीतल्या धातूच्या तुकड्याचा आकडा अडकवायचा, त्या तुकड्याने दोरी ओढायची आणि शेवटी त्यानेच फास सोडायचा. हा तुकडा म्हणजे रिलीज. एखादं भारदस्त मराठी नाव देता येईल त्याला, पण मैदानावरची पोरं रिलीजच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो.

माझे एक जुने सहकारी निवृत्तीनंतर संस्कृतकडे वळले आहेत. ते म्हणाले, "बाण यंत्राने सोडायचा, तर मग धनुर्विद्या कसली?" हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे. त्यांना मी त्यांच्याच महाभारताची आठवण करून दिली. त्यातले वीर मनगटाला गोधा आणि बोटांना अंगुलित्र बांधून रणात उतरतात. तुर्कांचे आणि मोगलांचे धनुर्धर अंगठ्यात हाडाची किंवा जेड दगडाची अंगठी घालून तिने दोरी ओढत, आणि त्या अंगठ्या आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. उघड्या बोटाने दोरी सोडली की बोट ती थोडी ओरबाडते, दोरी बाजूला ढळते आणि बाणही. ही अडचण माणसाला फार पूर्वीच कळली होती. रिलीज हे त्याच वंशातलं. अर्थात सहकाऱ्यांचं समाधान झालं नाही. पण बँकेत काँप्युटर आले तेव्हाही ते असेच नाराज होते.

तर ही वस्तू मी नातीला तेराव्या वाढदिवसाला घेऊन दिली. किंमत पंधरा-वीस हजारांच्या घरात. टीव्हीवर एका विजेत्या खेळाडूच्या हातात जशी पाहिली होती, अगदी तशीच. चार बोटांची, जड, पितळी, मोठ्या मापाची. तिचा हात कुणी मोजला? कुणीच नाही. चप्पल घेतानाही आपण पोरीला दुकानात नेतो, आणि इथे जगज्जेत्याच्या पंजाचं माप आठवीतल्या मुलीच्या हातात कोंबून मी पेढे वाटले.

ती वस्तू होती हिंज जातीची. हिला ना घोडा असतो ना बटण. आत अर्धचंद्राच्या आकाराचा एक तुकडा असतो. ओढताना अंगठा खुंटीवर टेकवून ती स्थिर ठेवायची, हात जबड्याशी आला की अंगठा काढायचा, आणि मग पाठीच्या ताणाने मूठ किंचित वळत गेली की आकडा त्या अर्धचंद्राच्या कडेवरून घसरतो आणि फास सुटतो. नेमका कधी, हे सोडणाऱ्यालाही कळत नाही. तेच तिचं मर्म. सुई टोचणार हे कळलं की दंड आधीच आवळतो ना, तसंच बाण ‘आत्ता’ सुटणार हे शरीराला कळलं की खांदा आधीच दचकतो. न कळता सुटला तर दचकायला वेळच उरत नाही.

पण अर्धचंद्र किती फिरवून ठेवला आहे, यावर सगळं ठरतं. एका बाजूला फिरवला तर मूठ कितीही वळवा, सुटत नाही. दुसऱ्या बाजूला फिरवला तर नुसत्या श्वासाने सुटेल. नात रोज रडकुंडीला येऊन म्हणायची, "आजोबा, सुटतच नाही हो." सुटणार कसं? मोठ्या मापामुळे तिची करंगळी कडेपर्यंत पोचतच नव्हती. तिचे सर स्पर्धेसाठी परगावी गेलेले, चार दिवसांनी येणार होते. मला दम निघाला नाही. पस्तीस वर्षं बँकेत काढलेला मी, दहा पैशांचा फरक सापडेपर्यंत रात्री दहा वाजेस्तोवर लेजर चाळलेला माणूस, माहितीपत्रक वाचून एवढा स्क्रू फिरवता येणार नाही? ॲलन की घेतली आणि फिरवला. किती फिरवला, ते लिहून ठेवलं नाही. पडद्याच्या दोरीत अडकवून हलकेच ओढून पाहिलं; लोण्यासारखं सुटलं. "घे," म्हटलं, "झालं तुझं काम."

दुसऱ्या दिवशी मैदानावर तिने धनुष्य ओढलं. पडद्याच्या दोरीवर माझ्या दोन बोटांचा भार होता. इथे तीस-पस्तीस पाउंडांचा. एवढ्या भाराखाली मूठ आपोआप थोडी वळतेच. हात अर्ध्यावर आला असताना रिलीज सुटलं. बाण बटच्या वरून मागच्या मातीच्या बांधात घुसला, सुदैवाने तिकडे कुणी नव्हतं. आणि मागे ओढणारा तिचा हात, पितळेचा तो गोळा मुठीत घेऊन, तिच्याच तोंडावर आदळला.

ओठाला दोन टाके पडले. दाताचं वर सांगितलंच.

सर परत आले तेव्हा मला वाटलं होतं, ओरडतील. ते ओरडले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, ओठ आठ दिवसांत भरेल. धनुष्य ओढताना ती आता डोळे मिटते, ते भरायला वेळ लागेल." तसंच झालं. दोरी अर्ध्यावर आली की तिची मान मागे जायची. नेम धरायचा, दहात आणायचा, आणि सोडायच्या क्षणी हात गोठायचा. नाहीतर नेम लागायच्या आतच झटक्यात सुटायचा. याला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. भल्याभल्या खेळाडूंनी त्यापायी धनुष्य खाली ठेवल्याचं नंतर ऐकलं.

सरांनी आधी धनुष्यच बाजूला ठेवलं. एक मजबूत दोरी घेतली, तिच्या ओढीच्या लांबीएवढा फास केला. डाव्या मुठीत फास, उजव्या हातात रिलीज; धनुष्य ओढल्यासारखं ओढायचं आणि पाठीने ताणत राहायचं, सुटेपर्यंत. कंपाउंड धनुष्य बाणाशिवाय सोडलं तर ते मोडतं, म्हणून नवी जुळणी नेहमी या दोरीवर तपासायची, आणि तीही हलक्या हाताने नाही, चांगला ताण देऊन. त्यानंतर बटपासून चार पावलांवर उभं राहून, लक्ष्याचा कागद न लावता. पन्नास मीटर फार पुढची गोष्ट.

मग त्यांनी तिचा हात पाहिला. तिला मधल्या मापाचं, तीन बोटांचं आणि अंगठ्याचं बटण असलेलं रिलीज दिलं. ही दुसरी जात. हिच्यात वाईट सवयीला वाव फार. बटण अंगठ्याच्या टोकाशी आलं की पोरं ते टीव्हीच्या रिमोटसारखं दाबतात. म्हणून सरांनी ते आत सरकवलं, अंगठ्याच्या मुळाशी बसेल असं. अंगठा बटणाभोवती नुसता वेढा देऊन असतो, दाबत नाही. कोपर मागे जाईल तसा आपसूक त्याच्यावर भार येतो. आणि स्प्रिंग त्यांनी घट्ट केली. मी चकितच झालो. मला वाटत होतं, नाजूक हाताला नाजूक घोडा हवा. सर म्हणाले, "हलक्या स्प्रिंगला अंगठा घाबरतो, काका. लागला तर सुटेल म्हणून लांब राहतो. घट्ट असली की बिनधास्त टेकतो." हे वाक्य मी माझ्या डायरीत लिहिलं आहे.

तिसरी एक जात असते, तिच्यात ओढताना अंगठ्याने सेफ्टी धरायची. हात जबड्याशी पोचल्यावर सेफ्टी सोडायची आणि मग ठरवलेल्या वजनाच्या पुढे ताण गेला की ती सुटते. धनुष्य पूर्ण ताणल्यावर हातावर जेवढं वजन उरतं, त्याहून दोन-चार पाउंड जास्तीवर ती लावतात. वाढत्या मुलांच्या बाबतीत भानगड अशी, की धनुष्याचं वजन वाढवलं की हाही आकडा बदलावा लागतो. विसरलात, तर सेफ्टी सोडल्याबरोबर बाण गेला म्हणून समजा.

एकदा मी नातीला म्हटलं, मलाही दोरी दे. ओढली. ताणत राहिलो. तीन सेकंद झाले, चार झाले, काही होईना. मग माझा अंगठा माझ्याही नकळत हलला, आणि टक् आवाज झाला. नात हसली. "दाबलंत, आजोबा."

दाबलं होतं खरं. आणि मला वाटतं, आम्ही मोठी माणसं सगळे तेच करतो आहोत. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार घेण्याचं २०२५ मध्ये ठरलं आणि मैदानाच्या कठड्यावर बसणाऱ्या पालकांची भाषाच बदलली. अमक्याने कोणतं रिलीज घेतलं, जगज्जेता कोणतं वापरतो, परदेशातून कोण येणार आहे. एक गृहस्थ दर स्पर्धेत गुण घसरले की मुलाला नवीन रिलीज आणतात. वस्तू बदलली की मूठ बदलते, जबड्यावर हात टेकायची जागा बदलते, ओढीची लांबी बोटभर कमी-जास्त होते, डोळ्यासमोरचं भोक वर-खाली करावं लागतं. पोरगा पुन्हा पहिलीत. आणि वडील म्हणतात, एवढा खर्च केला तरी सुधारणा नाही.

माझं मत विचाराल तर, पहिली दोन वर्षं मुलाचं रिलीज निवडण्याचा आणि जुळवण्याचा अधिकार घरच्यांना नसावाच. मैदानावर वेगवेगळ्या मापांची चार जुनी रिलीज ठेवावीत, मुलांनी ती दोरीवर महिना-महिना ओढून पाहावीत, आणि मगच पालकांचा खिसा उघडावा. नवं धनुष्य घ्यायला वर्गणी निघते, देणगीदार मिळतात, धनुष्यावर त्यांचं नाव लावता येतं. मुठीतल्या तुकड्यावर नाव कुठे लावणार? म्हणून त्यासाठी कुणी पैसे देत नाही. चार रिलीजच्या किमतीत किती मुलांचे दात आणि किती मुलांची हिंमत शाबूत राहील, हा हिशेब मी एका देणगीदारांपुढे मांडून पाहिला. ते धनुष्यच देणार म्हणाले.

बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या असत, एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. एकट्याच्या घाईने ती उघडत नसे. आमच्या घरीही आता तशीच व्यवस्था आहे. ॲलन की नातीकडे असते आणि वही माझ्याकडे. वहीत तारीख, कोणता स्क्रू, कोणत्या दिशेने, किती आटे, आणि फिरवताना हजर कोण. एका वेळी पाव आट्याहून जास्त नाही, आणि त्यानंतर दोरीवर वीस वेळा ओढल्याशिवाय बाण लावायचा नाही. सर महिन्यातून एकदा वही मागवून घेतात.

गेल्या आठवड्यात तिच्या धनुष्याचं वजन दोन पाउंडांनी वाढवलं. संध्याकाळी ती जमिनीवर मांडी घालून बसली, म्हणाली, "आजोबा, मागची नोंद वाचा." मी चष्मा लावून वाचली. तिने पाव आटा फिरवला, मी लिहिलं, तिने सही केली. मग दोरी घेऊन उभी राहिली. स्वयंपाकघरातून तिच्या आईने डोकावून पाहिलं आणि कुकरची शिट्टी झाली तरी तिथेच थांबली. नात ताणत होती, कोपर हळूहळू मागे जात होतं, डोळे उघडे होते.