स्कोअरबोर्डाला हुद्दा नसतो

बंगळुरू उघड्यावर खेळणाऱ्यांचं शहर. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंची, सुसह्य हवा, त्यामुळे मे महिन्यातही सकाळी टेनिस जमतं. अपार्टमेंटच्या आवारात बॅडमिंटन असतंच, आता पिकलबॉलही आलंय. मी खेळलो त्या छोट्या क्लबांत मात्र एक गोष्ट सारखी दिसली: कोर्टाच्या कडेला इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड असतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तो बंद असतो.

कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? स्कोअर तोंडी सांगावा. पण तोंडी स्कोअर नेहमी सीनियरचा खरा ठरतो. युनिटच्या कोर्टावर नवा जवान कर्नलसाहेबांसमोर उभा असतो. साहेब ‘तीस-पंधरा’ म्हणाले, तर ‘साहेब, तीस-तीस’ म्हणायला त्याला जड जातं. यात साहेबांची लबाडी नसते. दमछाकीत आकडा विसरतो. क्लबात बारा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचे काका यांच्यातही हेच होतं. बोर्ड चालू असला की आकडा सगळ्यांसमोर असतो आणि हुद्दा कोर्टाबाहेर राहतो. म्हणून बोर्ड टिकणं मला महत्त्वाचं वाटतं.

तो का टिकत नाही? बहुतेकांना वाटतं, फटीतून पाणी शिरतं, म्हणून फटी सिलिकॉनने बुजवल्या की झालं. खरा घोटाळा वेगळा आहे. एप्रिल-मेमध्ये इथे दुपारी ऊन तापतं आणि संध्याकाळी वळीव येतो. उन्हात डब्यातली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर पडते. त्यावर गार पाऊस पडला की उरलेली हवा आकसते आणि डबा बाहेरचं पाणी स्क्रूच्या भोकांतून, रबराच्या कडेतून अक्षरशः ओढून घेतो. मग ते आत अडकतं आणि सर्किटवर गंज चढतो. डबा जितका ‘पॅक’, तितकं पाणी बाहेर पडणं कठीण. ‘आयपी ६५’चा शिक्का म्हणजे धूळ शिरत नाही आणि नळीच्या फवाऱ्याने बिघडत नाही एवढंच. ती परीक्षा नव्या डब्याची. दोन उन्हाळ्यांत कडक झालेल्या रबराची नव्हे.

लष्करी इलेक्ट्रॉनिक्सला उष्णता, दमटपणा, धूळ, धक्के यांच्या चाचण्या द्याव्या लागतात. त्यांचं मानक जेएसएस ५५५५५. क्लबाला तेवढं नको. पण त्यामागची शिस्त उचलायला हरकत नाही. हवा जाऊ देणारी, पाणी अडवणारी झडप. तळाशी पाणी निघायला भोक. केबल खालून आत, तीही एक वाकण देऊन, म्हणजे थेंब वाकणीवरच गळतो. सर्किटवर संरक्षक लेप. कनेक्टरचं टोपण साखळीने बांधलेलं. सुटं टोपण आठवड्यात हरवतं. वीजपुरवठ्याचा खोका छपराखाली आणि बोर्डापर्यंत फक्त १२ किंवा २४ व्होल्ट, म्हणजे ओल्या कोर्टावर मुलांना धोका नाही.

अंक साधे हवेत. जाहिरातींसारखी रंगीत स्क्रीन कशाला? टेनिस कोर्ट ७८ फूट लांब. काळ्या मॅट पाटीवर सहा इंची अंक आणि वर उन्हाची झडप पुरते. पिकलबॉलच्या दुहेरीत तीन आकडे लागतात, तिसरा सर्व्हर पहिला की दुसरा हे सांगणारा. तेवढी एक जागा जास्त ठेवावी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुरुस्ती. बिघडलेला अंक क्लबाच्या मार्करला चार स्क्रू काढून बदलता आला पाहिजे. या शहरात १९५४ पासून भारत इलेक्ट्रॉनिक्स आहे, पीण्यात पत्रा वाकवणारे आहेत, एस. पी. रोडवर सुटे भाग मिळतात. इथे असा बोर्ड बनू शकत नाही, हे मला पटत नाही. अडतं ते खरेदीत. समिती तीन कोटेशनं मागवते आणि सर्वांत स्वस्त उचलते. दोन वर्षांनी किती बोर्ड चालू आहेत, हे कुणी विचारत नाही.

समितीला माझी एकच सूचना. पैसे देण्याआधी बोर्ड दुपारभर उन्हात चालू ठेवा. चार वाजता त्यावर बादलीभर गार पाणी ओता. असं आठवडाभर करा, मग मार्करला तो उघडायला सांगा. आत कोरडं असेल आणि त्याला तो परत जोडता आला, तर घ्या. विकणारा या परीक्षेला तयार नसेल, तर उत्तर तिथेच मिळालं.