एक रात्र बाथरूमची डार्करूम करून पाहा



"आई, सावली पांढरी कशी काय?" हा प्रश्न माझ्या चौथीतल्या मुलाने मला आमच्या बाथरूममध्ये, रात्री साडेनऊ वाजता, लाल दिव्याच्या उजेडात विचारला. प्रकाश आणि सावली मी दहा वर्षं शिकवते आहे, पण वर्गात मला हा प्रश्न कुणीच विचारला नाही. विचारणार तरी कसा? सावली मी फळ्यावर खडूने काढते आणि मुलं ती वहीत उतरवून घेतात.

आमचं घर दोन खोल्यांचं. डार्करूमसाठी वेगळी खोली कुठून आणणार? म्हणून घरातल्या सगळ्यांना आधी सांगून रात्री दीड तास बाथरूम मागून घेतलं. वरच्या काचपट्ट्यांवर पुठ्ठा आणि काळं कापड, दाराखालच्या फटीला जुनी चादर. मग दिवा बंद करून पाच मिनिटं नुसतं बसलो. अंधाराला डोळे सरावले की उजेड कुठून झिरपतो ते बरोबर दिसतं.

साहित्य फार लागत नाही. ब्लॅक अँड व्हाइट फोटोचा कागद, डेव्हलपर, हायपो, तीन ट्रे, चिमटे आणि बॅटरीवर चालणारा लाल दिवा. ओल्या जागेत विजेची वायर नकोच. दिवा खरंच चालेल का, हे आधी तपासा. कागदाच्या तुकड्यावर नाणं ठेवून तो लाल दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्या आणि मग डेव्हलपरमध्ये घाला. नाण्याचा गोल उमटला, तर तो दिवा बाद. एन्लार्जरही लागत नाही. कागदावर पिंपळाचं पान ठेवायचं, वरून छोट्या टॉर्चचा उजेड क्षणभर पाडायचा आणि कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा. दहा-पंधरा सेकंद काहीच दिसत नाही. मग कडा करड्या होतात, बघता बघता काळ्या पडतात आणि मधोमध पांढरं पान उरतं. साधारण मिनिटभराने कागद मधल्या ट्रेमधल्या साध्या पाण्यात बुडवायचा, मग हायपोत, आणि शेवटी भरपूर पाण्याने धुवायचा.

डेव्हलपर साधारण २० अंशांवर हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच त्याहून गरम असतं. म्हणून ट्रे मोठ्या टपात ठेवून टपात बर्फ घाला, डेव्हलपरमध्ये नको.

एक सहकारी मला म्हणाले, "मॅडम, जो धंदा बंद पडला तो मुलांना शिकवून काय उपयोग?" मला फोटोग्राफर घडवायचे नाहीत. उजेड नुसता दाखवतो असं नाही, तो काम करतो, हे मुलाने एकदा डोळ्यांनी पाहावं एवढंच म्हणणं आहे. कागदावर चांदीचे क्षार असतात. उजेड लागला तिथे डेव्हलपरमध्ये त्यांची काळी चांदी होते आणि पानाखाली उजेड पोचतच नाही. हे मी सांगितलं नाही. मुलगा विचार करत बसला, मग म्हणाला, "म्हणजे काळं उजेडाने केलं!" इंग्लंडमध्ये टॅल्बट यांनीही १८३०च्या दशकात आधी पानं आणि लेसच कागदावर ठेवून अशी चित्रं उमटवली होती. ती टिकवायला हायपो वापरता येतं, हे हर्शेल यांनी १८३९ मध्ये दाखवलं.

दुसरं कारण माझ्याच चुकीतून कळलं. कागदाचं पाकीट उघडं असताना माझा मोबाईल वाजला, स्क्रीन उजळली आणि सहा कागद वाया गेले. मुलाने विचारलं, "आता?" म्हटलं, "आता काही नाही. गेले ते." मोबाईलवर दिवसाला पन्नास फोटो काढून पुसणाऱ्या मुलाने त्यानंतरचा प्रत्येक कागद दोन्ही हातांनी जपून धरला. जपून वाप्र असं मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं.

पण भाबडेपणा नको. रसायनं मोठ्यांनीच, हातमोजे घालून कालवावीत. डेव्हलपरने काहींच्या कातडीला त्रास होतो, म्हणून मुलांच्या हातात चिमटाच द्या. स्वयंपाकघरातलं एकही भांडं वापरू नका आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत काहीही भरून ठेवू नका. एग्झॉस्ट फॅन असेल तर चालू ठेवा. वापरलेल्या हायपोत चांदी असते, ते झाडांना घालू नका. घरात रांगतं मूल असेल तर हा उद्योग सध्या राहू द्या. कागद महाग आहे हेही खरं, म्हणून एका कागदाचे चार तुकडे करा. शेजारची दोन मुलं बोलावली तर खर्चही वाटला जाईल.

येत्या सुट्टीत एक रात्र काढा. फक्त एक विनंती आहे. पान पांढरं का आलं, हे मुलाला आधी सांगू नका. त्याला विचारू द्या.